सुरतेला गेलेली माणसं

माझ्या छातीत धातूची झडप आहे आणि ती वाजते. भिंतीवरच्या घड्याळासारखी बारीक टिकटिक असते. आजूबाजूला गडबड असली की कळत नाही, पण खोलीत शांत झालं की शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते. ऑपरेशन करणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाज येईल आणि त्याची सवय होईल. मला झाली. माझ्या गावाला झाली नाही.

लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप नासवली. पन्नाशीच्या आतच मला जळगावच्या कचेरीचा जिना दोनदा थांबून चढावा लागे. मग मुंबईला नेऊन छाती उघडली, जुनी झडप काढली, नवी बसवली, आणि महिन्याभरानं मी असोद्याला परत आलो. दम लागणं बंद झालं. गाल भरले. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची, महिन्याला जळगावला रक्त तपासून आणायचं, पालेभाजी बेतानं खायची, कुठे कापून घ्यायचं नाही, एवढीच पथ्यं. तब्येत म्हणाल तर वीस वर्षांत नव्हती इतकी चांगली होती. बिघडलं ते पुढचंच.

दवाखान्यानं एक कार्ड दिलं होतं, इंग्रजीत. माझ्या थोरल्या भावानं ते गावातल्या हेडमास्तरांकडे नेलं. हेडमास्तरांनी पारावर दहा-पंधरा माणसांसमोर ते वाचलं आणि त्यातली एक ओळ समजावून सांगताना जरा जास्तच समजावली. मूळ ओळ एवढीच होती की मनावर फार ताण येऊ देऊ नये. हेडमास्तर म्हणाले, याचा अर्थ असा की पेशंटला दुःखाची बातमी द्यायची नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याच्या मनाविरुद्ध काही होऊ द्यायचं नाही, नाहीतर झडप बंद पडेल. भाऊ उठून उभा राहिला आणि त्यानं एकाच वाक्यात निकाल लावला. "त्याले कोनी काही सांगायचं नाही, अन त्याच्याशी कोनी भांडायचं नाही." आमच्या गावात ग्रामसभेचा ठरावसुद्धा कुणी पाळत नाही. हा मात्र सगळ्यांनी पाळला.

माझा स्वभाव सांगितला पाहिजे. मी भांडकुदळ माणूस आहे. सकाळी एखाद्याशी वाजलं नाही तर मला चहा बाधतो. बायकोशी भांडायचो, साहेबाशी भांडायचो, केळीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडायचो, आणि चुलतभावाशी तर आमचं बांधावरून अकरा वर्षं चाललं होतं. त्यानं बांधाचा दगड हातभर माझ्या बाजूला सरकवला होता, असं माझं म्हणणं. त्याचं म्हणणं, दगड जागेवर आहे, माझी जमीनच सरकली आहे.

मी मुंबईहून आल्यावर आठवड्याच्या आत चुलतभावानं दगड स्वतःच्या हातानं काढला आणि दीड हात आपल्या बाजूला रोवला. हात नव्हे, दीड हात. मला कळलं तेव्हा मी तडक शेतावर गेलो आणि म्हणालो, हे काय चालवलंय. तो म्हणाला, भाऊ, तुझंच होतं, चुकलं माझं. मी म्हणालो, माझं एक हातच होतं. तो म्हणाला, असू दे, वरचं पण घे. मला इतका संताप आला की मी त्याच्या पाटाचं पाणी फोडून माझ्या केळीत घेतलं, त्याच्या डोळ्यांदेखत. तो आपला माझ्या छातीकडे कान लावून बघत होता. मग म्हणाला, घे बाबा, पोटभर घे, पण जरा सावलीत बस. मी घरी येऊन रडलो. अकरा वर्षांचं भांडण एका दुपारी माझ्या हातून काढून घेतलं होतं आणि त्याबद्दल कुणाकडे तक्रार करायचीही सोय नव्हती.

घरात तेच. बायको पूर्वी माझ्या एका शब्दाला चार द्यायची. आता मी काही बोललो की ती थांबायची, डोळे माझ्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर ठेवायची आणि ऐकायची. टिकटिक जरा भरभर झाली की ती म्हणायची, तुमचंच बरोबर आहे. भाजीत मीठ नाही म्हटलं तरी बरोबर, जास्त झालं म्हटलं तरी बरोबर. एकदा मी मुद्दाम दोन्ही एकाच घासाला म्हणालो. तरीही ती म्हणाली, बरोबर आहे. कचेरीत साहेबांनी माझ्या टेबलावरच्या फायली उचलून दुसऱ्यांना वाटल्या आणि मला खिडकीजवळ बसवलं. पत्त्यांत मी हरत नव्हतो. माझ्या हातात गुलाम-दुऱ्या असल्या तरी समोरचे एक्के दाबून बसायचे. रविवारी सकाळी टीव्हीपुढे गाव जमायचं, तिथे मला पुढची खुर्ची. एका रविवारी मालिकेतला म्हातारा राजा मरायला टेकला तेव्हा कुणीतरी उठून टीव्ही बंद केला आणि लाईट गेली असं सांगितलं. डोक्यावर पंखा गरगरत होता. पंधरा-वीस माणसं त्या पंख्याखाली बसून लाईट केव्हा येईल यावर बोलत राहिली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मरणाचं काय करायचं? गावात माणसं मरणारच. पहिल्यांदा आमचा जुना न्हावी दिसेना. बायकोला विचारलं तर म्हणाली, सुरतेला गेला, पोराकडे. बरं. मग कोपऱ्यावरची आजीबाई सुरतेला गेली. मग पेन्शनीतले पोस्टमन. मग भाऊच्या सासरचे एक आबा, जे चार वर्षं अंथरुणावरून उठले नव्हते, ते एका सकाळी एसटीनं सुरतेला गेले. आमच्याकडचे लोक पोटापाण्याला सुरतेला जातात हे खरं, पण सत्तरीच्या पुढचे एवढे एकदम कशाला जातील?

मी सगळं समजून होतो. एकदा गच्चीवर ऊन खात बसलो होतो तेव्हा मला अंत्ययात्रा दिसली. ती नेहमीच्या रस्त्यानं, म्हणजे माझ्या दारावरून, न जाता मागून केळीच्या बागांमधून चालली होती, हलगी न वाजवता, चिखलातून. खांदेकरी घसरत होते आणि हळू आवाजात शिव्या देत होते, त्या बहुधा मलाच असाव्यात. मी गच्चीवर आडवा झालो, त्यांनी मला पाहू नये म्हणून. संध्याकाळी बायकोनं सांगितलं की अमुक नाना सुरतेला गेले. मी म्हणालो, बरं झालं, हवापालट होईल.

खरं सांगायचं तर मला तेव्हा फार एकटं वाटायचं. आमच्याकडे कुणी गेलं की दारावर जायची रीत आहे. त्या घरी जाऊन सतरंजीवर बसायचं, फार बोलायचं नाही, निघताना येतो म्हणायचं नाही, उठून चालू लागायचं. त्यात काही विशेष नाही, पण त्या सतरंजीवर बसलं की आपण त्या लोकांपैकी एक असतो. चौदा महिने मी कुणाच्या दारावर गेलो नव्हतो. लोक मला इतकं जपत होते की मी त्यांच्यात उरलोच नव्हतो. कधीकधी वाटायचं, ऑपरेशनच्या टेबलावर मीच सुरतेला गेलो आहे आणि हे मला सांगत नाहीत.

मग दिवाळीनंतर एकदा मी जेवताना सहज विचारलं, अक्काचं पत्र नाही बरेच दिवसांत. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, पिंपळनेरला दिलेली. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, अक्का सोळाची. तिनं मला वाढवलं. लग्न होऊन गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली होती, आणि मी तिच्या सासरी दोन वर्षं राहिलो. माझी बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "त्या सुरतेला गेल्यात, लेकीकडे."

माझा घास हातातच राहिला. बायकोनं माझ्या छातीकडे पाहिलं, कारण आता ती टिकटिक स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकू येत होती. तिच्या ध्यानात आलं आणि ती घाबरून म्हणाली, नाही हो, खरंच सुरतेला, खरोखरच्या सुरतेला. मी म्हणालो, न्हावीपण खरोखरच्याच सुरतेला गेला होता ना. ती शपथा घेऊ लागली. देवाची घेतली, पोरांची घेतली. पण चौदा महिने जे जे खोटं सांगितलं होतं तेही ती असंच तोंड करून सांगत होती, आता खऱ्यासाठी वेगळं तोंड कुठून आणणार? भाऊला बोलावलं. भाऊ म्हणाला, अक्का ठणठणीत आहे. त्यावरून तर माझी खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला जळगावला जातो असं सांगून निघालो आणि धुळ्याची गाडी धरली. धुळ्याला गाडी बदलून साक्री, तिथून पिंपळनेर. सगळ्या वाटेनं मी अक्कासाठी रडायचं ठरवत होतो आणि रडू येत नव्हतं, राग येत होता. मी तिला खांदा दिला नव्हता. साक्रीच्या स्टँडवर ड्रायव्हरनं गाडी बंद केली तेव्हा शेजारच्या बाईला टिकटिक ऐकू आली. त्या वर्षांत बेवारस वस्तूला हात लावू नका असं स्टँडवर सारखं सांगत असत. बाईनं माझ्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ओरडत उतरली. तिच्यामागून सगळी गाडी उतरली. कंडक्टर लांबूनच म्हणाला, पिशवी उघडा. पिशवीत धोतर, गोळ्या आणि चार केळी होती. टिकटिक चालूच. शेवटी मी शर्टाच्या गुंड्या काढून त्याला गळ्यापासून पोटापर्यंतचा व्रण दाखवला. त्यानं कान लावून ऐकलं, सगळ्यांना सांगितलं की माणसाचंच आहे, चढा. पुढच्या सगळ्या प्रवासात मला दोन जणांची जागा मिळाली.

अक्काचं घर आलं तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मेहुणे ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली. ती दाढी बघितली आणि मला जे सकाळपासून येत नव्हतं ते आलं. रीतीप्रमाणे मी लांबूनच गळा काढला. अक्का, मला टाकून कशी गेलीस, असं म्हणत ओट्यापर्यंत पोचलो आणि मेहुण्यांच्या गळ्यात पडलो. मेहुणे माझं तोंड दाबायला बघत होते. "गप रे भो, ती जित्ती शे," ते म्हणाले. तेवढ्यात आतल्या खोलीतून अक्काचा आवाज आला, "कोन मरी गया?"

मी ओट्यावरच बसलो. हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही थोडंथोडं केलं. मेहुण्यांनी मला हळू आवाजात सगळं सांगितलं. श्रावणात अक्काची डावी बाजू अधू झाली. लेकीनं तिला सुरतेला नेलं, मोठ्या दवाखान्यात. म्हणजे सुरत खरी होती. आठ दिवसांपूर्वी परत आणली. ती सुरतेत असतानाच मेहुण्यांचे थोरले भाऊ, अक्काचे जेठ, वारले. दाढी त्यांच्याच सुतकाची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिला धक्का बसेल असं काही नको. म्हणून तिला सांगितलं होतं की जेठ नाशिकला मुलाकडे राहायला गेले आहेत. आणि माझं ऑपरेशन तर तिला पहिल्यापासूनच सांगितलं नव्हतं. मी मुंबईला सरकारी ट्रेनिंगला होतो. मेहुण्यांनी माझा हात धरून बजावलं, हे दोन्ही बोलायचं नाही. मी विचारलं, जेठ गेले तर जेठानी कुठे आहेत? ते म्हणाले, पलीकडच्याच घरात, रोज भेटायला येते. कशी येते, हे मला दहा मिनिटांनी कळलं.

अक्का पलंगावर होती, खिडकीकडे तोंड करून. तोंड जरा वाकडं झालं होतं, बोलणं स्पष्ट होतं. चाळीस वर्षांत तिची बोली पार तिकडची झाली होती. तिनं उजव्या हातानं माझा गाल चाचपला आणि ट्रेनिंगला जाऊन जाड झालास म्हणाली. तेवढ्यात जेठानी आली. कपाळावर मोठं लालभडक कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात पोत. ती पलंगाच्या कडेला बसली, अक्काचे पाय दाबले, नाशिकहून पत्र आलं, तिकडे थंडी फार आहे, असं काहीबाही बोलली. तिच्याकडे बघवत नव्हतं. ते कुंकू सुनेचं, पोत सुनेची. दहा मिनिटांनी ती उठली आणि गेली.

खोली शांत झाली. अक्का म्हणाली, "खरं सांग, हाई लोके माले काय सांगतस नही?"

चौदा महिने मी ज्या प्रश्नासाठी सगळ्या गावावर दात खाऊन होतो, तोच प्रश्न आता मला विचारला होता. मी एवढा खऱ्याचा भोक्ता. मी तिच्या अधू हाताकडे बघितलं, वाकड्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, "काही नाही अक्का. सगळं ठीक आहे."

पण माझं तोंड मला फितूर असलं तरी छाती नव्हती. ती सुटली होती. अक्कानं कान टवकारले. हा कसला आवाज म्हणून विचारलं, मी घड्याळ म्हणालो, तिनं माझं मोकळं मनगट दाखवलं. मग तिनं उजव्या हातानं माझ्या गुंड्या काढल्या, लहानपणी आंघोळीला काढायची तशा, आणि व्रणावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"छाती फाडी लिधी आनी माले सांगं नही?" असं म्हणून तिनं मला एक चापट मारली. मग सुरू झाली. मी मेल्यावर सांगणार होतास का, मी तुझी कोण, तुला न्हाऊ घातलं, तुझ्यासाठी सासूच्या शिव्या खाल्ल्या, त्याचे हे पांग फेडलेस का. मला इतकं बरं वाटत होतं की मी मान खाली घालून सगळं ऐकलं. दमल्यावर ती रडली. मीही रडलो. झडप काही बंद पडली नाही.

डोळे पुसून ती खिडकीकडे बघत म्हणाली की जेठ गेल्याचं तिला सुरतेहून आली त्याच दिवशी समजलं. खिडकीतून पलीकडच्या घराची पायरी दिसते. जेठानी इथून निघते आणि पायरीवर चढायच्या आधी पदरानं कपाळ पुसते, रोज. बांगड्या काढून सुनेच्या हातात देते. आठ दिवस अक्का हे बघत होती आणि सगळ्यांना वाईट वाटू नये म्हणून नाशिकच्या थंडीची चौकशी करत होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "ती रोज कुंकू लाई येस. तिन्हा पुढे मी रडू कशी?"

जेठांनी तिला या घरात धाकट्या बहिणीसारखं वागवलं होतं. मला त्यांनीच शाळेत घातलं होतं. तिला त्यांच्यासाठी रडायचं होतं आणि बरोबर रडायला माणूस एकच होतं, जे रोज नटून येत होतं.

मी उठलो आणि पलीकडच्या घरी गेलो. जेठानी उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसली होती, पांढऱ्या कपाळानं. मला बघितल्याबरोबर ती गडबडीनं उठली आणि फळीवरची कुंकवाची डबी घेतली. तिला वाटलं अक्कानं परत बोलावलं. मी म्हणालो, "मोठ्या अक्का, आज राहू द्या. तिला माहीत आहे." तिनं डबी तशीच हातात धरली. केव्हापासून, एवढंच विचारलं. मी आठ दिवस म्हणालो. ती आठही दिवस आठवत असावी, कारण तिचे ओठ हलत होते. मग तिनं डबी फळीवर ठेवली आणि माझ्या पुढून चालत अक्काच्या ओट्यावर चढली, मेहुण्यांच्या समोरून, तशीच, आणि आत गेली. पाठीमागे दार लागलं. आतून पहिला हुंदका कुणाचा आला ते कळलं नाही, नंतर दोघींचा आवाज एकच झाला.

मेहुणे ताडकन उठले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण त्यांनी माझी गचांडी धरली. "तुले काही अक्कल शे का नही? तिले काही व्हतं तं?" असं म्हणून त्यांनी मला ओट्यावरून खाली ओढलं. मी गाढव, मी उपटसुंभ, आगंतुकासारखा आलो आणि मांडलेलं घर उधळलं, शेजारपाजाऱ्यांनी आठ दिवस तोंड शिवून ठेवलं होतं ते फुकट घालवलं. गल्लीतली माणसं दारात आली. कुणीतरी मेहुण्यांना सांगायला लागलं की यांचं मोठं ऑपरेशन झालंय, जपून. मेहुणे म्हणाले, झालं असेल, म्हणून काय डोकं पण काढून घेतलं का?

चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला जिवंत माणूस समजून माझ्याशी भांडत होतं. मी त्यांची पकड सोडवली, शर्ट नीट केला आणि सांगितलं की धाकट्या भावाला थोरल्याचं सुतक लपवता येतं, पण बायकोच्या खिडकीला पडदा लावायचं सुचत नाही, तेव्हा अक्कल कुणाची काढायची ते आधी ठरवा. ते आणखी चढले. मीही आवाज चढवला. त्या गडबडीत टिकटिक कुणालाच ऐकू येत नव्हती.